पुन्हा साथ आली तर गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय? यादी करतोय, चुकतंय कुठं सांगा

उंबरठा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे, निवडून आलो म्हणजे बिनविरोध, वॉर्डात दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नाही. गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराकडेचं, मूळ गाव आणि तीन वाड्या. परवा मासिक सभेत कुणीतरी विषय काढला की कोरोनात आपली लय धांदल उडाली, पुन्हा तसलं काही आलं तर निदान आधी कुणाकडं धावायचं हे तरी लिहून ठेवू. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण लॅपटॉप माझ्याकडं आहे.

मग मी बसून मतदार यादीवरून साठीच्या पुढची सगळी नावं काढली, बीपी, शुगर, दमावाले विचारून विचारून त्यात घातले. २१४ नावं झाली. एक्सेलमध्ये रंगबिंग दिले. मोठ्या थाटात आशाताईंना दाखवायला गेलो. त्या भाकरी थापत होत्या, हात पिठाचे, मी मोबाईल धरला आणि त्यांनी खालपर्यंत सगळं वाचलं. म्हणाल्या, "भाऊ, यातली निम्मी माणसं तुमच्यापेक्षा धडधाकट हायत. आणि एकवीस साली मी ज्या घरांत रोज दोनदा जात होते त्यातली चार नावं यात नाहीतच." कोण चार विचारलं तर, "तुम्ही मेंबर ना, शोधा की."

तर प्रश्न दोन. यादीत कोण पाहिजे? आणि यादी झाली की तिचं करायचं काय? नुसती फायलीत गेली तर तिलाच क्वारंटाईन झालं म्हणायचं.

गप्पिष्ट
पहिला नंबर माझा. यादीत सगळ्यात वर सरपंच घाला. अविश्वास ठराव कधी येईल सांगता येत नाही, त्याच्यापेक्षा असुरक्षित कोण आहे गावात.

पाराखालचा
+१. आणि उपसरपंचाला आयसोलेट करा, म्हणजे ठराव येणारच नाही.

सोनचाफा
उंबरठा, मतदार यादीवरून काढलीत तिथंच पाय घसरला. गावात राहणारा प्रत्येक माणूस गावचा मतदार असतो का? सालगडी, वीटभट्टीवाले, मेंढरं घेऊन आलेले, विहिरीच्या कामावरचे. २०२० च्या एप्रिलात आमच्या शिवारात विहीर खोदणारं एक कुटुंब अडकलं होतं, म्हातारी सासू आणि महिन्याची बाळंतीण सून. गावानं वेशीला काट्या टाकल्या होत्या. ही माणसं काट्यांच्या आत होती पण गावात धरलीच नव्हती कुणी. केंद्राचं माणशी ५ किलो मोफत धान्य आलं, यांचं कार्ड मूळ गावी, तिकडं जायला वाहन नाही. शेवटी आमच्या वहिनीनं पायलीभर ज्वारी पाठवली तेव्हा गल्लीत चर्चा की बाहेरच्यांना कशाला जवळ करता. चार नावांतलं एक असलं असणार, लावता पैज?

बालाघाटी
सोनचाफा ताई बरोबर. आमच्या बीडकडं उलटी गत आहे. दसरा झाला की कोयता घेऊन निम्मं गाव कारखान्याला जातं, मागं उरतात म्हातारी आणि शाळेची पोरं. म्हणजे जे तुमच्या यादीत "सांभाळायचे" म्हणून असतात तेच गाव सांभाळत असतात. २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, जिथं होत्या तिथं फडावर अडकल्या, १७ एप्रिलला सरकारनं गावाकडं जायची परवानगी दिली तोवर आमची आज्जी दोन नातवंडं आणि एक म्हैस घेऊन एकटी. तिला शुगर. गोळ्या तालुक्यावरून आणणारा माझा बाप फडावर. एसटी २३ मार्चपासून बंद. एसटी बंद म्हणजे गोळी बंद, एवढं साधं गणित होतं पण ते कुणाच्या परिपत्रकात नव्हतं. नंतर कळलं ती एक गोळी मोडून दोन दिवस पुरवत होती. कोरोना तिला झालाच नाही कधी. पायाची जखम चिघळली ती मात्र अजून आहे.

तेव्हा यादीत आजार लिहू नका नुसता, गोळी कुठून येते आणि कोण आणतं ते लिहा.

उंबरठा
बालाघाटी, हा रकाना आत्ताच घातला. "गोळी कोण आणतं." धन्यवाद भाऊ.

मिरगाचा_किडा
सगळं खरं पण मूळ मुद्दा सोडू नका. म्हातारी माणसं वाचवायची तर रोग गावात येऊच द्यायचा नाही. आमच्या गावानं पहिल्या दिवसापासून वेस बंद केली, रस्त्यावर जेसीबीनं चर मारला, आळीपाळीनं पहारा. पहिल्या लाटेत एकही पेशंट नाही. लोक हसले आम्हाला पण आमची म्हातारी जिवंत राहिली.

कोकणी_चाकरमानी
मिरगाचा_किडा, चर मारलात त्याच्या पलीकडं कोण होतं ते पण सांगा. मी होतो. म्हणजे तुमच्या गावात नाही, आमच्या. मुंबईत चाळीत दहा बाय दहात पाच माणसं, काम बंद, मे महिन्यात पास काढून गावी गेलो तर गावकर म्हणाले चौदा दिवस शाळेत. ठीक आहे, नियम आहे. पण शाळेला कुलूप, चावी मास्तरांकडं, मास्तर दुसऱ्या गावात, आम्ही सहाजणं रात्रभर व्हरांड्यात, त्यातले एक काका सदुसष्ट वर्षांचे, बायपास झालेले. काका मुंबईहून आले म्हणून ते "धोका", तेच घरी असते तर "असुरक्षित". एकच माणूस, रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरलं.

आई रोज गडग्यापलीकडनं पेज ठेवून जायची आणि लांबनं ओरडायची "जेवलंस काय रे?" मी जेवलो म्हणून हात वर करायचो तेव्हा ती जायची. ती सत्तरीची, बीपीवाली, रोज अर्धा मैल चालत. म्हणजे मला वेगळं ठेवून तिलाच जास्त दगदग झाली. गावाला ना खंत ना खेद.

मिरगाचा_किडा
तुमचा त्रास मान्य. पण तुम्ही सरळ घरी गेला असता आणि आईला झालं असतं तर? ते पण सांगा.

कोकणी_चाकरमानी
हो, तीच भीती मला पण होती म्हणून तर व्हरांड्यात झोपलो. वेगळं ठेवायला विरोध नाहीच हो माझा. कुलूप उघडं ठेवा, संडासात पाणी ठेवा, आणि पेज पोचवायचं काम म्हाताऱ्या आईवर टाकू नका एवढंच म्हणतोय.

सोनचाफा
आणि मिरगाचा_किडा, दुसऱ्या लाटेत काय झालं तुमच्या गावात? तुम्ही पहिल्या लाटेवरच थांबलात.

मिरगाचा_किडा
दुसऱ्या लाटेत अकरा गेले. लग्नाच्या जेवणातून आला. चर कधीच बुजवला होता.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं दुसरी लाट सगळ्यांच्या आधी. २०२१ च्या २२ फेब्रुवारीला अमरावतीत लॉकडाऊन लागला तवा बाकी महाराष्ट्र लग्नं उडवत होता. लोक म्हणत इथलेच लोक बेशिस्त आहेत. मग एप्रिलात सगळ्यांनाच कळलं बाप्पा. असो, जुनं दुखणं आहे.

मुद्द्याचं सांगतो. मेळघाटात आमचे एक मामा शिक्षक आहेत, ते म्हणायचे तिथं लोक आजार लपवायचे, कारण दवाखान्यात नेलेला माणूस प्लास्टिकमध्ये येतो नाहीतर येतच नाही अशी हवा होती. कर्ण्यावर मराठीतून घोषणा चालू, म्हाताऱ्यांना कोरकूशिवाय काही कळत नाही. मग गावातल्याच एका बाईनं लस घेतली, दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर मोळी घेऊन सगळ्या गावातून फिरली, कोरकूत सांगत, बघा मी मेली नाही. त्या मोळीनं जे काम केलं ते कर्ण्यानं केलं नाही.

मास्तरकी
निवृत्त जि. प. शिक्षक. कोकणी_चाकरमानी, शाळेच्या चावीबद्दल समस्त शिक्षकांतर्फे माफी, पण आमचीही बाजू ऐका, आम्हाला त्या वर्षी चेकपोस्टवर, सर्व्हेला, रेशन दुकानावर गर्दी आवरायला, सगळीकडे उभं केलं होतं. शाळा सोडून.

वेगळं राहण्याची कल्पना आपल्या गावांना नवी नाही हे कुणी बोललं नाही अजून. माझे आजोबा प्लेगच्या गोष्टी सांगत. घरात उंदीर पडला की अख्खं गाव माळावर, शेतात खोप्या घालून राहायचं, घरं उघडी टाकायची, दोन-तीन महिन्यांनी परत. म्हातारी माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं सोबत. म्हणजे आजारी माणसाला बाहेर काढत नव्हते, अख्खं गावच बाहेर जायचं. १९१८ च्या मानमोडीला (फ्लूच्या साथीला) मात्र ही युक्ती चालली नाही, ती श्वासातून पसरणारी, माळावर पण गाठायची. आजोबा म्हणायचे जाळायला लाकूड आणि न्यायला खांदा मिळेना.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण आपण फक्त जयंतीला काढतो. १८९७ ला पुण्याच्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला खांद्यावर घेऊन आपल्या लेकाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तो मुलगा वस्तीवरचा, कुठल्या यादीत असता का विचार करा.

कोरोनात नांदेड जिल्ह्यातल्या भोसी गावानं जुनीच युक्ती नव्यानं केली, पॉझिटिव्ह आलेल्यांना आपापल्या शेतात मुक्कामाला पाठवलं, ज्याला शेत नाही त्याच्यासाठी शेतातच शेडची सोय, आशा आणि अंगणवाडी ताई तिकडं जाऊन बघायच्या. हवा मोकळी, माणूस आपल्या झाडाखाली, डबा घरचा. उंबरठा, तुमच्याकडं डोंगर आहे, जागेचा विचार आत्ताच करा.

गप्पिष्ट
मास्तर, आमच्या बापूंना शेतात पाठवलं तर ते क्वारंटाईन नाही, बक्षीस होईल. काकू घरी, बापू शेतात, चौदाचे चाळीस दिवस करतील.

सिस्टर_ओसरीवरची
मी एएनएम, म्हणजे नर्स होते, उपकेंद्रावर एकोणतीस वर्षं, आता रिटायर. वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते, टायपिंग चुकलं तर हसू नका.

यादीपेक्षा बघायचं कसं ते महत्त्वाचं. २०२० च्या सप्टेंबरात "माझे कुटुंब माझी जबाबदारी" चा सर्व्हे चालू झाला, थर्मल गन आणि ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन घेऊन घरोघर. एका वस्तीवर आजीबाईंना लावलं तर ८१. आशा घाबरली, रुग्णवाहिकेला फोन लावायला निघाली. मी म्हटलं थांब. आजी नुकत्याच गार पाण्यात भांडी घासून उठलेल्या, हात बर्फ, नखांना मेंदी. हात पदरात घेऊन चोळले, चुलीपुढं पाच मिनिटं बसवलं, दुसऱ्या बोटाला लावलं, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट वाट बघितली. ९६. आजी म्हणतात, "पंधरा मार्क वाढवलेस गं."

त्याच दिवशी पुढच्या घरात एक बाबा लिंबाखाली बाजेवर बसून तंबाखू मळत, आमची टिंगल करत. खोकला नाही, धाप नाही. मशीन म्हणालं ९५, उत्तम. पण ओठ मला बरे दिसेनात. म्हटलं बाबा चला, गोठ्यापर्यंत फेऱ्या मारू, सहा मिनिटं चालायचं. तिसऱ्या फेरीला बसले खाली. ८८. त्यांना कळतच नव्हतं की हवा कमी पडतेय, या आजाराची हीच खोड. ते वाचले कारण त्याच दिवशी हलवलं. म्हणून सांगते, मशीन घ्या, पण ९४ च्या खाली गेलं की नुसतं लिहून ठेवायचं नाही, आणि वर असलं तरी म्हाताऱ्या माणसाला चालवून बघायचं. सरळ फोनवर "बरं आहे ना?" विचारलं तर बरंच आहे म्हणतात सगळे.

आणि चार नावांचं म्हणाल तर माझा अंदाज एक टीबीचा पेशंट. बहुतेक तरुण. साठीच्या यादीत येणार नाही, बीपी-शुगरच्या पण नाही, आणि घरचे बोलणार नाहीत.

बालाघाटी
सिस्टर, तुमच्यासारखी माणसं होती म्हणून निभलं. आशाताईंना पण सलाम. २०२१ च्या जूनमध्ये त्यांना संप करावा लागला तेव्हा कुठं दीड हजार वाढले, आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा पुरस्कार देऊन गौरव केला. गौरवावर किराणा मिळत नाही हा भाग वेगळा.

पाराखालचा
आमच्या गावात सुरक्षेसाठी होमिओपॅथीच्या अर्सेनिक अल्बम ३० वाटल्या होत्या, पंचायतीतर्फे घरोघर साबुदाण्याएवढ्या गोळ्या. आमच्या आज्यानं अख्खी बाटली एकदम खाल्ली. काही झालं नाही. म्हणाला गोड होत्या, अजून आहेत का.

मास्तरकी
ते परवडलं. आमच्याकडं एका उत्साही मेंबरानं वेशीवर फवारणीचा मांडव घातला होता, येणाऱ्याजाणाऱ्यावर सोडियम हायपोक्लोराईट, फरशी पुसायचं जंतुनाशक. डोळे चुरचुरले, दम्याचा एक पेशंट तिथंच कासावीस झाला. आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर असली फवारणी करू नका, पण मांडवाचे फोटो छापून आले होते ना, मग काढणार कोण.

चुलीपासची
माझं वेगळंच आहे, रागवू नका. सगळे "वेगळं ठेवा, लांब ठेवा" म्हणताय. आम्ही ठेवलं. माझ्या आजेसासूबाई, शहाऐंशी वर्षं. सगळ्यांनी फोनवर सांगितलं म्हाताऱ्यांना जपा, म्हणून मागच्या खोलीत त्यांची वेगळी सोय, ताट दारात ठेवायचं, पोरांनी जवळ जायचं नाही. मार्च ते ऑगस्ट. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं दारातनं बोललेलं कळायचं नाही, मास्क लावला की तोंडही दिसायचं नाही, त्या ओठ बघून बोलणं ओळखायच्या हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. पहिले काही दिवस विचारायच्या मी काय केलं? नंतर विचारणं बंद झालं. मग जेवण अर्धं. मग मला ओळखेनात. कोरोनाची टेस्ट दोनदा केली, दोनदा निगेटिव्ह. नोव्हेंबरात गेल्या. दाखल्यावर वृद्धापकाळ.

आम्ही त्यांना वाचवत होतो. मला आजही कळत नाही कशापासून.

सोनचाफा
चुलीपासची, काय बोलू. जवळ घेते तुला.

सिस्टर_ओसरीवरची
बाई, तुमचा दोष नाही, आम्हीच सांगत फिरत होतो तसं. अर्धवट सांगत होतो. अंगणात, उघड्यावर, दोन हात लांब बसून रोज तासभर गप्पा मारा हे पण सांगायला हवं होतं. एकच माणूस ठरवून द्यायचा जो मास्क लावून त्यांच्याजवळ जाईल, बाकीच्यांनी लांब. मी नंतर नंतर सांगायला लागले, उशीर झाला होता.

उंबरठा
हे वाचून काल लॅपटॉप बंद करून बसलो. आज परत आलोय. "ऐकू येतं का, दिसतं का" हा रकाना घातला. आमच्याकडं दवंडी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दोनच मार्ग होते. ज्याला ऐकू येत नाही आणि फोन नाही त्याला कळलं कसं असेल हा विचारच केला नव्हता.

एक अडचण. ग्रामसेवक म्हणतात यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू, म्हणजे सगळ्यांचं लक्ष राहील. लावावी का?

कोकणी_चाकरमानी
अजिबात नको!!! घराबाहेर लावलेले ते कागद विसरलात का. आमच्या शेजारच्यांच्या दाराला कागद लागला आणि दुधवाला वर्षभर यायचा बंद झाला, बरे झाल्यावर सुद्धा. २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास आदेश असल्याशिवाय असे फलक घरांवर लावू नका. आता तुम्ही आजारासकट नावं फळ्यावर लावणार? टीबीवाला, एचआयव्हीवाला, मानसिक आजाराचा, सगळे उघडे पडतील. आणि एकटी राहणारी म्हातारी कुठल्या घरात आहे हे चोराला पण छान कळेल.

मिरगाचा_किडा
याच्याशी शंभर टक्के सहमत. (हो, मी पण सहमत होतो कधीकधी.) आमच्या गावात यादी तिघांकडंच आहे, आशा, सिस्टर आणि पोलीस पाटील. आणि एक सुचवतो, बक्षिसाच्या नादी लागू नका. २०२१ ला कोरोनामुक्त गाव स्पर्धा आली, प्रत्येक महसूल विभागात पहिल्याला ५० लाख. हेतू चांगला असेल पण आमच्याकडं लोक टेस्टच करेनात, पॉझिटिव्ह निघाला तर गावाचे मार्क जातील. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला घरात दाबून ठेवणं म्हणजे कोरोनामुक्ती झाली.

वऱ्हाडी_ठेचा
पण भाऊ नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं करून दाखवलंच ना. पोपटराव पवारांनी पथकं करून घरोघर तपासणी, लक्षण दिसलं की लगेच वेगळं, २०२१ च्या मे महिन्यात गाव मोकळं. सोलापूरकडं घाटणे, अंत्रोळी, त्या सरपंचांचं पण मुख्यमंत्र्यांनी नाव घेतलं होतं. झालंच नाही असं नाही.

मिरगाचा_किडा
झालं. पण त्या गावात आधी पंचवीस-तीस वर्षं पाणी, ग्रामसभा, श्रमदान यातून माणसं एकमेकांचं ऐकायला शिकली होती. आमच्या ग्रामसभेला कोरम होत नाही, तिथं पथकं कुठली काढता.

गप्पिष्ट
कोरम होत नाही म्हणजे सोशल डिस्टन्सिंग तुमच्याकडं आधीपासूनच होतं की.

बालाघाटी
विषय थोडा वळवतो. साथ ओसरल्यावर पण यादी बदलते. माझी मावसबहीण, नवरा गेला तेव्हा एकतीसची, दोन पोरी. ५० हजारांच्या मदतीला कोरोनाचा पुरावा लागायचा, तिच्या नवऱ्याचा एचआरसीटी (छातीचा स्कॅन) होता पण आरटीपीसीआर (नाकातली टेस्ट) नव्हती, ते कागद जुळवायला आठ महिने. वर शेताच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लावायला दीर तयार नाही. साथीत तिची गणना "धडधाकट तरुण" मध्ये होती. तिला कोणत्या रकान्यात टाकाल?

सोनचाफा
अशा बायकांसाठी एकल महिलांच्या समित्यांनी बरंच काम केलं तेव्हा, तालुक्याला वात्सल्य समित्या पण झाल्या होत्या. आणि मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. ग्रामपंचायत मनात आणलं तर काय करू शकते त्याचं ते एक उदाहरण. उंबरठा, मेंबर आहात, नाव लावायला तलाठ्याकडं तिच्याबरोबर जाणं हे पण तुमचंच काम धरा.

सिस्टर_ओसरीवरची
लसीचं राहिलं. १ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना सुरू झाली. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी साइटवर, नाव घालायला मोबाईल लागायचा, एका नंबरवर चारच माणसं. ज्या म्हाताऱ्याला मोबाईल नाही त्याचं नाव गावातल्या कुणातरी पोराच्या नंबरवर घातलं, पोरगं पुण्याला गेलं, दुसऱ्या डोसचा मेसेज पुण्याला. अंथरुणाला खिळलेले तर कित्येक महिने मोजणीतच नव्हते, नोव्हेंबरात "हर घर दस्तक" आलं तेव्हा घरी जाऊन दिली. पुढच्या वेळी यादीत "स्वतःच्या पायानं उपकेंद्रापर्यंत येऊ शकतो का" हे आधी विचारा. ज्याच्यापुढं नाही असेल त्याच्या घरी पहिल्या दिवशी जायचं, शेवटच्या नाही.

उंबरठा
मंडळी, काल परत आशाताईंकडं गेलो. नवे रकाने दाखवले: गोळी कोण आणतं, ऐकू-दिसतं का, चालत येईल का, जवळ जाणारं एक माणूस कोण, बाहेरगावचे असतील तर रेशन कुठं. त्यांनी वाचलं, आता जरा बरं हाय म्हणाल्या, आणि चार नावं सांगितली. नावं लिहीत नाही, तुम्हीच शिकवलंत.

पहिलं, वरच्या वाडीतला टीबीचा पेशंट, सत्तावीस वर्षांचा. सिस्टर, तुम्ही जिंकलात. दुसरं, गुऱ्हाळावरच्या कुटुंबातली म्हातारी, सोनचाफा तुम्ही पण. तिसरा एक जन्मतः मुका-बहिरा माणूस, खालच्या ओढ्याकडं एकटा राहतो, वय पंचेचाळीस. लॉकडाऊन लागला हे त्याला तिसऱ्या दिवशी पोलिसाची काठी बसली तेव्हा कळलं. हे मला गावात राहून माहीत नव्हतं.

चौथी माझी आई.

आई छप्पन्न. एकवीस साली वडील कराडला ऑक्सिजनवर होते, मी त्यांच्याबरोबर तिकडंच. त्याच आठवड्यात उपकेंद्रावर आईची शुगर ३८० निघाली. तिनं आशाताईंना शपथ घातली की पोराला सांगायचं नाही, त्याला आधीच ताप आहे. तेव्हापासून चार वर्षं ती त्यांच्याकडनं गोळ्या घेते, मिसरीच्या डबीत ठेवते. मी घरोघर फिरून शुगर कुणाला आहे विचारत होतो, आईला विचारलं नव्हतं.

चुलीपासची
घरी जा आधी. एक्सेल नंतर.

पाराखालचा
आज काही चेष्टा सुचत नाही राव.

मास्तरकी
आशाताईंनी चार वर्षं शपथ पाळली आणि आता सांगितली, म्हणजे आईंना विचारूनच सांगितली असणार. रागवू नका दोघींवर.

उंबरठा
विचारूनच सांगितली मास्तर. आईच म्हणाली होती म्हणे, "तो यादी करतोय तर सांग आता, नाहीतर यादी चुकायची." संध्याकाळी डबी मागितली. दिली. एकच पट्टी शिल्लक होती, चार गोळ्या. "गोळी कोण आणतं" मध्ये माझं नाव घातलं.

गप्पिष्ट
आणि तुमच्या गैरहजेरीत कोण आणणार? दुसरं नाव पण लिहा. बालाघाटीच्या आज्जीचं तेच झालं होतं ना, आणणारा एकच होता.

उंबरठा
बरोबर. प्रत्येकापुढं दोन नावं. म्हणजे १३७ माणसांना २७४, लोक कुठनं आणायचे बघतो. (हो, २१४ वरून १३७ वर आली यादी. कमी झालेले बरेच स्वतःच येऊन भांडले की आम्हाला म्हातारं का धरलं. एक तात्या तर पंचायतीत येऊन पाच बैठका काढून गेले.)

सिस्टर_ओसरीवरची
त्या तात्यांना बाकीच्यांच्या गोळ्या आणायला लावा. आणि बैठका काढल्यावर मशीन लावून बघितलं होतंत का?